दोन घड्याळांची सहल : लांबच्या विमानप्रवासानंतर जबलपूर-भेडाघाट

डिसेंबर उजाडला की परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या घरी येण्याचे वेध अनेक कुटुंबांना लागतात. रजा दोन-तीन आठवड्यांची असते. तेवढ्यात लग्नकार्ये, नातेवाइकांच्या गाठीभेटी, दातांचा दवाखाना, बँकेतील राहिलेली कामे असे सारे उरकायचे असते. यातून जे दोन-चार दिवस उरतात त्यांत एखादी छोटी सहल करावी, सगळ्यांनी एका गाडीत बसावे, गप्पा माराव्यात आणि नदी-डोंगर पाहून यावे, अशी इच्छा प्रत्येक घरात असते. ती स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे.

या सहलीचा बेत मात्र बहुधा नकाशा समोर ठेवून आखला जातो. ठिकाण किती किलोमीटरवर आहे, रस्ता कसा आहे, जेवायला कोठे थांबायचे, एवढाच विचार होतो. चौदा-पंधरा तासांचे उड्डाण करून आलेल्या माणसाच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. पंचवीस किलोमीटरचा रस्ता कोणत्याही दिवशी पंचवीस किलोमीटरचाच असतो. पण त्यावरून गाडी चालवणारा माणूस दर दिवशी, दर तासाला सारखा नसतो. म्हणून अशा सहलीच्या आखणीत अंतरापेक्षा वेळेचा आणि वेळेपेक्षाही झोपेचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो कसा मांडावा, हे जबलपूरच्या उदाहरणावरून पाहता येईल.

वहीतला पहिला बेत

जबलपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धापर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे रेल्वे, आयुधनिर्माणी कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने आलेली कितीतरी मराठी घरे येथेच रुजली. अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. वडील सत्तरीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. आईचे गुडघे कुरकुरणारे. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. तो, सून आणि सात वर्षांची नात चार वर्षांनी घरी येत आहेत.

वडिलांनी महिनाभर आधीच वहीत बेत लिहून ठेवला आहे. रविवारी सकाळी अकरापर्यंत पाहुणे घरी पोहोचतील. जेवण करून दुपारी दोनला भेडाघाट. सूर्यास्त पाहून, ग्वारीघाटावर नर्मदेची आरती घेऊन रात्री नऊला परत. सोमवारी पहाटे तीनला निघून सुमारे १६० किलोमीटरवरील कान्हाच्या जंगलात सकाळची सफारी. मंगळवारी बरगी धरण. गाडी घरची आहे, चालवायला मुलगा आहे. खर्चाच्या रकान्यात केवळ इंधन आणि जेवण.

वरवर पाहता या बेतात खोट काढण्यासारखे काही नाही. ठिकाणे उत्तम आहेत, अंतरे बरोबर आहेत, खर्च आवाक्यात आहे. ज्या खात्यातून हा सारा खर्च व्हायचा आहे, त्या खात्यात शिल्लक किती आहे, हे मात्र कोणी पाहिलेले नाही.

झोपेचा ताळेबंद

मुलाचा प्रवास तासांत मांडला तर चित्र स्पष्ट होते. शुक्रवारी तो तेथील सकाळी ७ वाजता उठला. त्या वेळी जबलपुरात शुक्रवारचे सायंकाळचे साडेपाच वाजले होते. दिवसभर काम, सायंकाळी विमानतळ, रात्री साडेआठला उड्डाण. साडेचौदा तासांनी, म्हणजे भारतीय वेळेनुसार शनिवारी रात्री साडेनऊला, तो दिल्लीत उतरला. तपासणी, सामान आणि हॉटेलात पोहोचणे यांत मध्यरात्र झाली. पहाटे चारला उठून त्याने जबलपूरचे विमान गाठले. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील डुमना विमानतळावरून तो घरी पोहोचला तेव्हा रविवारचे अकरा वाजले होते.

शुक्रवारी सायंकाळी साडेपाच ते रविवारी सकाळी अकरा हे साडेएकेचाळीस तास होतात. दिवसाच्या एक तृतीयांश वेळ झोप, या साध्या प्रमाणाने त्याला एवढ्या काळात सुमारे १४ तास झोप हवी होती. मिळाली किती? विमानात मांडीवर मुलीचे डोके घेऊन तुटक-तुटक ४ तास आणि दिल्लीत जेमतेम ३ तास. एकूण ७. म्हणजे देणे १४ आणि जमा ७. निद्राशास्त्रात याला झोपेचे ऋण असेच म्हणतात. हे ऋण चहा-कॉफीने फिटत नाही, उत्साहाने तर नाहीच. झोप हेच त्याचे एकमेव चलन आहे.

या ऋणाचे व्याज किती जबर असते, याची कल्पना १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगावरून येते. सलग १७ तास जाग्या असलेल्या माणसांची हात आणि नजर यांचा मेळ राखण्याची क्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असणाऱ्या माणसाइतकी खालावलेली आढळली. २४ तासांच्या जागरणानंतर ती सुमारे ०.१० टक्के मद्यार्काच्या पातळीला पोहोचली. भारतातील मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्याचा थेंबही न घेतलेला, निर्व्यसनी, सुशिक्षित माणूस केवळ जागरणामुळे त्या मर्यादेच्या पलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असू शकतो. त्याच्या श्वासाला वास येत नाही आणि कोणतेही यंत्र त्याला अडवत नाही, एवढाच फरक.

वहीतल्या बेताप्रमाणे आरतीहून रात्री नऊला परतताना मुलगा पहाटे चारपासून, म्हणजे बरोबर १७ तास जागा असणार होता. तोही केवळ तीन तासांच्या झोपेवर.

शरीराचे घड्याळ

झोपेच्या ऋणाबरोबर दुसरी एक गोष्ट असते. ती म्हणजे शरीराचे स्वतःचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या लगत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. उजेड आणि अंधार यांच्या आधारे तो शरीराचे तापमान, भूक, झोप आणि सतर्कता यांचा दिनक्रम ठरवतो. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विमान एका रात्रीत दहा-अकरा तासांचे कालांतर ओलांडते. हे घड्याळ मात्र साधारणपणे दिवसाला एक तास एवढ्याच गतीने सरकते. पूर्वेकडे येताना ते आणखी रेंगाळते. यालाच जेट लॅग म्हणतात.

घरी पोहोचल्यावर मनगटावरचे घड्याळ लगेच लावता येते, पण शरीरातले घड्याळ तेथेच राहते. रविवारी दुपारी तीनला मुलगा भेडाघाटच्या वाटेवर असेल, आजूबाजूला लख्ख ऊन असेल. पण न्यू जर्सीत आणि त्याच्या शरीरात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. शरीराचे तापमान सर्वांत कमी आणि झोपेची ओढ सर्वांत तीव्र असण्याची हीच वेळ. त्यात भरपेट जेवण, गाडीतली ऊब आणि सगळ्यांना वामकुक्षीकडे ओढणारी दुपार!

येथूनच आखणीचा पहिला आणि सर्वांत उपयुक्त नियम निघतो. प्रवासी ज्या देशातून आला, तेथील मध्यरात्र ते सकाळी सहा हा काळ भारतीय वेळेत मांडावा. त्या काळात पहिले तीन-चार दिवस त्याच्या हाती गाडी देऊ नये. हिवाळ्यातील म्हणजे डिसेंबर-जानेवारीतील हिशेब असा आहे :

- अमेरिकेचा पूर्व किनारा (न्यूयॉर्क, न्यू जर्सी) : सकाळी १०.३० ते दुपारी ४.३०
- अमेरिकेचा पश्चिम किनारा (कॅलिफोर्निया) : दुपारी १.३० ते सायंकाळी ७.३०
- लंडन : पहाटे ५.३० ते सकाळी ११.३०
- जर्मनी : पहाटे ४.३० ते सकाळी १०.३०
- दुबई : रात्री १.३० ते सकाळी ७.३०
- सिंगापूर : रात्री ९.३० ते पहाटे ३.३०
- सिडनी : सायंकाळी ६.३० ते रात्री १२.३०

उन्हाळ्यात अमेरिका व युरोपातील घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्यामुळे तेथून येणाऱ्यांसाठी ही वेळ एक तास अलीकडे येते.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. सर्वांसाठी चांगली अशी एकच वेळ नाही. लंडनहून आलेल्या भाचीला सकाळची सहल जड जाईल आणि दुपारची सुखाची ठरेल. न्यू जर्सीहून आलेल्या मुलाचे नेमके उलट होईल. ‘सकाळी लवकर निघावे’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला एरवी सोन्यासारखा. पण तो कोणाला द्यायचा, हे पाहुण्याच्या तिकिटावरील शहर वाचून ठरवावे.

यजमानाचेही खाते तपासावे

पाहुण्याचा हिशेब झाला तरी ताळेबंद पुरा होत नाही. यजमानाचेही एक खाते असते. पाहुणे येणार त्या आठवड्यात घरात कोणाचीच झोप पुरी होत नाही. वडील शनिवारी रात्री दर तासाला उठून फोन पाहत असतात. आई पहाटे चारला उठून अनारशांचे डबे भरत असते. रविवारी विमानतळावर जाणारे वडील स्वतःच अर्ध्या झोपेवर असतात.

याहून नाजूक बाब मनाची असते. मुलगा म्हणतो, “बाबा, मी अगदी फ्रेश आहे. गाडी मी चालवतो.” त्याला वाटत असते की वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना महामार्गावर कशाला त्रास? वडील म्हणतात, “अरे, तू इतका लांबून आलास. मी रोज चालवतोच की!” वास्तविक त्यांनी वर्षभरात शहराबाहेर गाडी नेलेली नसते, पण मुलासमोर ते कबूल करणे जड जाते. दोघेही एकमेकांना बरे वाटावे म्हणून आपापला थकवा झाकतात आणि या मायेच्या ओढाताणीत गाडी कोणा तरी थकलेल्या माणसाच्या हाती जाते. अनेक कुटुंबांतील सहली येथेच धोक्यात येतात, आणि हे प्रेमापोटी घडत असल्यामुळे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर उपाय एकच : गाडी कोण चालवणार हे पाहुणे येण्याच्या आधी, फोनवर, शांतपणे ठरवावे. कल्पनेतील कुटुंबात हे काम आईने केले. “पहिले तीन दिवस तुम्ही दोघेही मागे बसायचं. चालक मी सांगून ठेवलाय,” या एका वाक्याने प्रश्न सुटला.

चालक ठरवतानाही त्याच्या झोपेची चौकशी करावी. रात्रभर लग्नाची वऱ्हाडे पोहोचवून सकाळी दारात उभा राहिलेला चालक हा पर्याय नव्हे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ तासांची मर्यादा घालून दिली होती. घरच्या सहलीतही तेवढे भान राखावे आणि त्याच्या जेवणाची, विश्रांतीची वेळ बेतात धरावी.

वहीतला दुसरा बेत

आता त्याच ठिकाणांचा नवा बेत पाहू जाता असा दिसतो.

रविवार, आगमनाचा दिवस : कोठेही जायचे नाही. हलके जेवण, दुपारी गजर लावून दीड तासाची झोप. त्याहून अधिक झाली तर रात्र जागून काढावी लागते. सायंकाळी उन्हात अंगणात किंवा गच्चीवर बसणे, कारण नव्या वेळेशी जुळवून घेण्यास दिवसाचा नैसर्गिक उजेड सर्वाधिक मदत करतो. लांबच्या उड्डाणात पाय सुजतात, क्वचित पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते. म्हणून थोडे चालणे आणि भरपूर पाणी. एकाच पोटरीत दुखणे व सूज आल्यास किंवा धाप लागल्यास सहलीचा विचार सोडून तातडीने डॉक्टरांकडे जावे. वाटलेच तर शहरालगतच्या ग्वारीघाटावर सायंकाळची आरती. तीही चालकाच्या गाडीने आणि लवकर परत.

सोमवार, अर्ध्या दिवसाचे भेडाघाट : डिसेंबरअखेर जबलपुरात पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. धुके असेल तर ते विरळ होऊ द्यावे आणि साडेसातला निघावे. न्यू जर्सीच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पाहुणे जागे आणि प्रसन्न असतात. पंचवीसेक किलोमीटरच्या या रस्त्यावर तेवर हे साधे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. या प्राचीन नगरीच्या नावानेच १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन भरले होते आणि आजारी असलेले सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. गाडी न थांबवताही नातीला सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

भेडाघाटला पोहोचल्यावर क्रम महत्त्वाचा. प्रथम धुवाँधार. नर्मदा येथे कड्यावरून कोसळते आणि तुषारांचा धूर उठतो, म्हणून हे नाव. त्या तुषारांनी खडक निसरडे झालेले असतात आणि जेट लॅगमध्ये पावलांचा तोलही नेहमीसारखा नसतो. कठड्याच्या आतच थांबावे. त्यानंतर चौसष्ट योगिनी मंदिर. दहाव्या शतकातील हे वर्तुळाकार मंदिर टेकडीवर आहे आणि तेथे जाण्यास शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. आईच्या गुडघ्यांना हे झेपणार नसेल तर तिने आणि नातीने खाली चहा घ्यावा. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे असा नियम नाही. शेवटी पंचवटी घाटावरून नौकाविहार. सुमारे तीन किलोमीटरच्या घळीत दोन्ही बाजूंना पांढरे, गुलाबी, करडे संगमरवरी कडे उभे राहतात. एके ठिकाणी ते इतके जवळ आले होते की माकडे उडी मारून पलीकडे जात, म्हणून त्या जागेला बंदरकूदनी म्हणतात. १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटात हेच कडे दिसतात. नावेत लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालावे, पोहता येणाऱ्यानेही. पावसाळ्यात नदीला पूर असताना नौकाविहार बंद असतो; त्या दिवसांत येणाऱ्यांनी बेत तसा बदलावा.

परतीला अकरा वाजतील. ही पाहुण्यांची मध्यरात्र. मागच्या आसनावर सगळे डुलक्या घेतील आणि घेऊ द्याव्यात. गाडी चालकाच्या हाती आहे. साडेअकराला घर.

मंगळवार : विश्रांती, नातेवाईक, बँकेची कामे. अपुऱ्या झोपेत महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत, हा सल्ला गाडी चालवण्याइतकाच उपयोगी आहे. अशी कामे पाहुण्यांच्या जागेपणी, म्हणजे सकाळी शाखा उघडताच करावीत.

बुधवार, लमेटाघाट किंवा बरगी : नातीला डायनोसॉरचे वेड असेल तर लमेटाघाट. १८२८ साली विल्यम स्लीमन यांना जबलपूरजवळ मोठी जीवाश्म हाडे सापडली. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. भारतातील डायनोसॉरच्या शोधाची सुरुवात येथून झाली. ज्या थरांत असे अवशेष मिळतात त्यांना भूशास्त्रात लमेटा हेच नाव आहे. नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पाणी पाहायचे असेल तर सुमारे ४० किलोमीटरवरील बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय. सलग दोन रात्री सात-सात तास शांत झोप झाली असेल तर या दिवशी मुलाने सकाळच्या वेळात, ओळखीच्या रस्त्यावर थोडा वेळ गाडी चालवण्यास हरकत नाही.

कान्हा कोठे गेले? ते दुसऱ्या आठवड्यात ढकलले आणि तेही एका मुक्कामासह. पहाटे तीनला निघून सफारी गाठण्याचा हट्ट सोडला. जंगल पुढच्या आठवड्यातही तेथेच असणार आहे.

परवाना, विमा आणि पैसा

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, भारतात डाव्या. सरळ रस्त्यावर हा फरक लक्षात राहतो. चूक होते ती वळणावर, चौकात आणि पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, कारण तेथे हात सवयीने वागतात. वर्षानुवर्षांच्या खंडानंतर प्रथम रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास सराव करावा, शेजारी जाणते माणूस बसलेले असावे.

भारतीय परवान्याची मुदत तपासावी. तो नसेल तर परदेशी परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. वैध परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी असताना अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. म्हणजे ज्या चालकाचे दीड-दोन हजार वाचवले, त्याबदल्यात लाखोंची जोखीम पत्करली जाते. आसनपट्टा मागे बसणाऱ्यांनाही सक्तीचा आहे, आजी-आजोबांनाही.

महामार्गावरील पथकरासाठी फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग आवश्यक झाला आहे. त्यात आदल्या दिवशी शिल्लक भरून ठेवावी. परदेशी कार्डावर सर्वस्वी विसंबून न राहता थोडी रोख जवळ बाळगावी, कारण नावाडी आणि घाटावरील चहावाला यांच्याकडे ते चालत नाही. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांतील अनिवासी भारतीयांना तेथील मोबाइल क्रमांकावरून आपले एनआरई वा एनआरओ खाते यूपीआयशी जोडण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे. ही जोडणी येण्यापूर्वीच करून ठेवणे सोयीचे. आपत्काळी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक गाडीत लिहून चिकटवावेत.

वाटेत झोप आली तर

एवढे करूनही कधी गाडी चालवताना झोप दाटून येते. वारंवार जांभई, डोळ्यांची जळजळ, मागचे दोन किलोमीटर कसे आले ते न आठवणे, गाडी पट्ट्यावरून सरकणे, ही तिची पावले आहेत. यापुढची पायरी म्हणजे काही सेकंदांची नकळत लागणारी डुलकी. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चार सेकंदांच्या डुलकीत ती सुमारे ९० मीटर अंतर चालकाविना कापते.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. खात्रीचा उपाय म्हणजे सुरक्षित जागी, ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी थांबवणे, एक कप कॉफी घेणे आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपणे. कॉफीचा अंमल सुरू होण्यास साधारण अर्धा तास लागतो. त्यामुळे डुलकी आणि कॉफी यांचा लाभ एकत्र मिळतो. तरीही ही तात्पुरती उचल आहे. तिच्या जोरावर पुढचे तीन तास गाडी हाकू नये. सर्दीच्या तसेच प्रवासात मळमळू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेतलेल्या दिवशी गाडी चालवू नये.

अखेरचा ताळा

दोन्ही बेतांची तुलना केली तर दुसऱ्यात एक जंगल पुढे ढकलले गेले, एक सूर्यास्त हुकला आणि चालकाचा खर्च वाढला. जमेच्या बाजूला काय आले? मुलाला कडे पाहता आले, कारण त्याची नजर रस्त्यावर नव्हती. वडिलांना नातीशेजारी बसून त्रिपुरीची गोष्ट सांगता आली. आणि सगळे घरी परतले. हा आकडा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, कारण तो सर्वांनी गृहीत धरलेला असतो.

मराठी घरांतून नर्मदा परिक्रमेला जाणारे अनेक जण असतात. परिक्रमावासी चातुर्मासात एका जागी मुक्काम करतात. तो मुक्काम परिक्रमेतला खंड मानला जात नाही. तो परिक्रमेचाच भाग असतो. दूरदेशाहून आलेल्या प्रवाशाच्या पहिल्या एक-दोन दिवसांच्या विश्रांतीकडेही तसेच पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण खर्चाच्या बाबतीत आपण नेहमी वापरतो. लांबच्या उड्डाणानंतर ती तिच्या मूळ अर्थानेच पाळावी : आधी अंथरूण, मग पाय आणि सर्वांत शेवटी गाडीची किल्ली.